नाबाद एकाहत्तर

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

माझ्यावर सिनेमा निघतोय! सकाळी पावणेदहाला पुण्याहून फोन आला. अभिराम नावाचा दिग्दर्शक. गेल्या महिन्यात मी वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पानात आमच्या १९९४च्या जिल्हा फायनलवर लेख लिहिला होता, तो त्याने वाचला. आंजीसारख्या गावाने पुलगावच्या तगड्या क्लबला हरवलं, शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, षटकार. "सर, सिनेमा बनवायची गरजच नाही, बनलेलाच आहे," म्हणाला. आणि तीनदा म्हणाला, "तुम्हीच हिरो आहात."

सरोजिनी पालक निवडत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं तर म्हणाली, "हिरो, गिरणीतून दळण आणलंत का?" गेली अठ्ठावीस वर्षं ही बाई माझा असा मान ठेवते आहे. दळण आणायला गेलो तर गिरणीवाल्याला सांगितलं, इथे वर्ध्यात नालवाडीच्या चौकात चार जणांना सांगितलं, आणि दळण तिथेच विसरून आलो.

जूनमध्ये निवृत्त झाल्यापासून असा दिवस उगवला नव्हता. नाबाद एकाहत्तर! आता पडद्यावर.

बुधवार, १० डिसेंबर

वहीत तरी खरं लिहायला हवं. त्या मॅचमध्ये मी खेळलो नव्हतो.

मला कावीळ झाली होती. २३ जानेवारी १९९४, रविवार. टीम वर्ध्याला गेली आणि मी आंजीत खाटेवर, डोक्यावर काविळीची माळ, हातात उसाचा रस. पंधरा नावांची यादी कमिटीला आधीच दिलेली. त्यातले दोघे लग्नाला गेलेले, दोघे जायबंदी, पाचवा मी. अकरावा माणूस हवा होता. यादीबाहेरचा माणूस खेळवला तर टीम बाद. तेव्हा आमचे कॅप्टन अण्णाजी यांनी श्रावण थूलला माझी टोपी घातली आणि माझ्या नावावर खेळवलं. यात विशेष काही नव्हतं, गावोगावी असं चालायचं. पंच बाहेरचे, त्यांना कोण उमाटे आणि कोण थूल हे काय कळणार?

श्रावण रोज प्रॅक्टिसला यायचा. खेळपट्टीवर मॅट अंथरायचा, ताणायचा, खिळे ठोकायचा, नेटमध्ये बॉलिंग टाकायचा, खिळे उपटून मॅट गुंडाळायचा. बॅटिंग त्याला शेवटी पाच मिनिटं मिळायची. तो असा खेळेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नाबाद एकाहत्तर केल्या आणि स्कोअरबुकात नाव पडलं दत्तात्रय उमाटे. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच. कपासोबतच्या फोटोत मला खाटेवरून उठवून उभं केलं. फोटो काळा-पांढरा होता म्हणून वाचलो.

अण्णाजींनी सगळ्या टीमला शपथ घातली, बाहेर कुठे बोललात तर कप जाईल. कोणी बोललं नाही. आणि मी काय केलं? आधी गप्प राहिलो. मग कोणी शाबासकी दिली तर हसलो. मग सांगायला लागलो. सासऱ्यांना क्रिकेटचं वेड होतं, मुलगी बघायला गेलो तेव्हा अर्धा तास त्यांना ती इनिंग सांगितली. सरोजिनीने लग्न केलं ते या एकाहत्तरशीच.

तरी लेखात सगळं काही खोटं नव्हतं. आंजी जिंकली हे खरंच आहे ना?

शुक्रवार, १२ डिसेंबर

आंजीला जाऊन आलो. श्रावण तुरीच्या शेतात होता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून तो शेतातच असतो. सिनेमाचं सांगितलं. मला धाकधूक होती, पण गडी हसला.

"बनू दे न बे. नाव कोणाचं का असंना, आंजी तर जिंकली."

"तुले वाईट नाई वाटणार?"

"मले कायचं वाईट वाटते? मी अण्णाजीले शब्द देल्ला होता. तू आता घाबरून काही बकून नको बसजो. गावाचा कप जाईन."

अण्णाजींकडेही गेलो. पंच्याहत्तरीला आलेत, पण आवाज तोच. "उमाटे, तोंड बंद. कप ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात आहे, तिथंच राह्यला पाहिजे."

म्हणजे दोघांचीही परवानगी मिळाली. येताना स्कूटरवर मी चक्क शीळ घालत होतो.

रविवार, १४ डिसेंबर

अभिराम आला! तिशीतला, दाढीवाला, पायात चपला, डोक्यात नुसता सिनेमा. आंजीचं मैदान पाहून त्याने दोन्ही हात वर केले आणि गोल फिरला. लोकांना वाटलं काही चावलं.

मग ओट्यावर बसून त्याने गोष्ट सांगितली. सिनेमात माझी आई दवाखान्यात आहे. उशाशी रेडिओ, त्यावर मॅचची कॉमेंट्री. मी म्हटलं, आई तेव्हा ठणठणीत होती आणि जिल्ह्याच्या मॅचला कॉमेंट्री कुठली? तो म्हणाला, "सर, प्रेक्षकाला धावांचं कारण लागतं. नुसता कप पुरत नाही." पुलगावचा कॅप्टन दुष्ट आहे, तो खेळपट्टीवर पाणी ओततो. एक संत्र्याच्या बागेतली मुलगी आहे. शेवटच्या चेंडूवर बॅट दुभंगते, तरीही षटकार. मी ऐकता ऐकता उभा राहिलो. माझ्याच मॅचचा शेवट काय होणार म्हणून माझ्याच छातीत धडधडत होतं.

श्रावणसाठीही जागा केली मी. अभिरामला सांगितलं, माझा एक मित्र होता, मॅट अंथरायचा. तो खूश झाला. "विनोदी मित्र! हवाच होता." श्रावणला लगेच फोन करून कळवलं, तूही सिनेमात आहेस. तो म्हणाला, "मॅट नीट ताणजो म्हणा त्याले. सैल राह्यली तं बॉल बसते."

शनिवार, २७ डिसेंबर

गाव नुसतं पेटलंय. ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी प्रेक्षकांत बसायला नावं दिलीत. तेरा जणांनी दाढी वाढवली आहे, कारण चौऱ्याण्णवमध्ये दाढी होती म्हणे. सरपंच विचारतात, सिनेमात सरपंच आहे का? नसेल तर घाला.

मी टोपी शोधतोय. सरोजिनी म्हणते, डोकं आहे ते आधी सापडू दे.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

घात झाला.

पुलगावच्या क्लबचा तेव्हाचा कॅप्टन गजेंद्र. अभिराम त्याला भेटायला गेला होता. गजेंद्रच्या माळ्यावर एक व्हिडिओ कॅसेट निघाली. एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने त्या दिवशी हौसेने थोडं चित्रण केलं होतं. अभिरामने ती नागपूरहून मोबाइलवर घेता येईल अशी करून आणली आणि आज मला दाखवली. एकूण अकरा मिनिटं. शेवटचं षटक नाही, त्याआधीच टेप संपली. चेहरे म्हणजे नुसते पिठाचे गोळे. माझा जीव भांड्यात पडला, तोच अभिराम म्हणाला, "सर, तुम्ही डावखुरे आहात हे लेखात लिहिलं नाही!"

श्रावण डावखुरा आहे. मी उजव्या हाताने जेवतो, लिहितो, दात घासतो. पण तोंडातून निघून गेलं, "हो, तेव्हा डावीने खेळायचो."

"वा! मग अठराला मुहूर्ताच्या वेळी तुम्हीच आमच्या हिरोला तो स्टान्स, तो षटकार दाखवायचा. सगळ्या गावासमोर. आम्ही ते चित्रित करणार."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवार, ४ जानेवारी

सकाळीच श्रावणचं शेत गाठलं. सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. मग उठला, तुराट्यांच्या ढिगाशी गेला, सपाट जागा पाहिली आणि म्हणाला, "धर बॅट. चौदा दिवस आहेत. करून टाकू तुले डावखुरा."

गुरुवार, ८ जानेवारी

रोज सकाळी सात ते नऊ श्रावणच्या शेतात शाळा. बरगड्या दुखताहेत, पण मजा काय येते म्हणून सांगू! अठ्ठावन्नाव्या वर्षी मी क्रिकेट शिकतोय.

श्रावण फार बारीक शिकवतो. "उजवा खांदा बॉलरकडे. मान सरळ. मॅटवर बॉल चढून येते, म्हणून मी मांगच्या पायावर थांबो. घाई नाई." एकेक चेंडू त्याला पाठ आहे. "इथं मले त्यानं आखूड टाकला, मी असा वळलो." बोलता बोलता तो बॅट माझ्या हातातून घेतो आणि खेळून दाखवतो. न पाहिलेला चेंडू मला दिसतो.

बत्तीस वर्षं मी ही इनिंग सांगतोय आणि मला तिच्यातलं काहीच माहीत नव्हतं. आता माझ्या सांगण्यात जान येईल.

रविवार, ११ जानेवारी

आज मीराबाई चहा घेऊन शेतात आल्या. श्रावण नेमका मला पुलचा फटका दाखवत होता. चहाची किटली हातात तशीच धरून त्या उभ्या राहिल्या.

"भाऊजी, यांले कुठून येते हे? लग्न झाल्यापासून पाहून राह्यली, कधी बॅट हाती धरली नाई."

मी श्रावणकडे पाहिलं. तो म्हणाला, "टीव्हीत पाहून पाहून येते. काय विशेष हाये त्यात?"

"टीव्ही तं मीबी पाहतो," मीराबाई म्हणाल्या. मग कप भरले.

म्हणजे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. मला आधी हसू आलं, म्हटलं काय शब्दाचा पक्का गडी आहे. चहा पिता पिता मात्र बरं वाटेना. मी परक्या माणसांना बसस्टँडवर ती इनिंग सांगितली आहे. त्याने स्वतःच्या माणसाला सांगितली नाही. वर आज माझ्यासाठी खोटं बोलला.

 

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. पुलगावहून गजेंद्रचा फोन. तिळगूळ घ्या वगैरे झाल्यावर म्हणाला, "उमाटे, लेखात षटकार लिहिलात, लय चांगलं केलं. तसाच राहू द्या." मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "काही नाई, अठराले येतो," आणि फोन ठेवला.

षटकार नव्हता की काय? मला तर सगळ्यांनी षटकारच सांगितला होता. का मीच म्हणायला लागलो? आठवत नाही.

आज खरं लिहितो. मला भीती वाटते. सांगितलं तर कप जाईल, अण्णाजी उभा जाळतील, गाव तोंड बघणार नाही, सिनेमाही जाईल. नाही सांगितलं तर श्रावणची एकाहत्तर कायमची माझी होईल, आणि श्रावण पडद्यावर विनोदी मित्र म्हणून मॅट अंथरत राहील. लोक हसतील. मीच घातला त्याला तिथे.

शनिवार, १७ जानेवारी

सरोजिनीला सांगितलं. ती तिळाच्या वड्या डब्यात भरत होती. भरणं थांबलं नाही. शेवटची वडी ठेवून झाकण लावलं.

"तुम्ही कॅरममध्ये स्ट्रायकर बोर्डाबाहेर घालवता," ती म्हणाली. "बाबांना तेव्हाच शंका आली होती. मी म्हटलं, माणूस बोलतो छान, चालेल."

"तुला राग नाही आला?"

"आलाय. तो मी नंतर सवडीने बघते. आधी हे सांगा, मीराबाईंना कोण सांगणार?"

"श्रावणने शब्द दिलाय."

"त्यांनी दिलाय. तुम्ही कुठे दिलाय? तुम्ही तर खाटेवर होता."

हे मला बत्तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

रविवार, १८ जानेवारी

आजचं आजच लिहायला हवं.

आंजीच्या मैदानावर चारशे माणूस. मांडव, कॅमेरे, त्यांचे रूळ, मुंबईचा हिरो, त्याला बघायला झाडांवर चढलेली पोट्टी. अण्णाजी पहिल्या खुर्चीत, शेजारी गजेंद्र. कपाटातला कप टेबलावर. सिनेमावाल्यांनी मॅट अंथरली होती, पण श्रावण ती पाहून थांबू शकला नाही. कोणी सांगितलं नसताना हातोडी घेऊन खाली बसला आणि खिळे पुन्हा ठोकायला लागला. हिरोच्या माणसाने त्याला "काका, बाजूला व्हा" म्हटलं. तो झाला.

मला बॅट दिली. अभिराम ओरडला, "सर, शेवटचा चेंडू! प्रेक्षक, तयार! मी हात खाली केला की म्हणायचं दत्ता, दत्ता!" आणि चारशे माणसांनी माझं नाव घ्यायला सुरुवात केली. अंगावर काटा आला. सुखाचा होता, खोटं कशाला बोलू?

श्रावण मॅटच्या कडेला होता. मी त्याला विचारलं, "त्या दिवशीबी असेच ओरडत होते का बे?"

"हो न," तो म्हणाला. "पंचाले शक येऊ नये म्हणून अण्णाजीनं सांगतलं होतं सगळ्या टीमले. दोन घंटे दत्ता दत्ता. मले मंधातच वाटे, आपल्यालेच म्हणून राह्यले."

मी बॅट खाली ठेवली.

काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की माइक कोणीतरी दिला आणि मी म्हणालो, "मी खेळलो नाही. मला कावीळ होती. एकाहत्तर श्रावण थूलच्या आहेत. कप जायचा असेल तर माझ्यामुळे जाऊ द्या."

ओरडणं थांबलं. अण्णाजी काठी टेकत उठले. "उमाटे! गाव बुडवलं तू!" श्रावण माझ्यावर धावून आला. त्याला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "काऊन सांगतलं बे? मी इतके साल काहाले थांबलो होतो मंग?"

तेवढ्यात गजेंद्र हसायला लागला. खुर्चीतून पुढे वाकून, मांडीवर हात मारत. "अण्णाजी, बसा. कप कुठी नाई जात. आमचेबी दोन जण दुसऱ्याच्या नावावर खेळले होते. एक तं यवतमाळचा होता. आम्ही काहाले तक्रार करू?" मग डोळे पुसून म्हणाला, "आता सगळे खरंच बोलून राह्यले तं मीबी बोलतो. तो षटकार नोहता. उंच कॅच होता, माह्या हातात. मी सोडला. बत्तीस साल झाले, घरी षटकारच सांगतो."

मग काय झालं म्हणून सांगू! टाळ्या, शिट्ट्या, झाडावरचं एक पोट्टं खाली आलं. अभिराम रडतोय की हसतोय कळेना. "अरे, ही गोष्ट होती तुमच्याकडे आणि तुम्ही मला दवाखाना करू दिला!" त्याने हातातली संहिता दुमडून खिशात कोंबली आणि लगेच सुरू झाला, "दत्ता मित्रासाठी आपली जागा सोडतो, मैत्रीचा त्याग..." मी म्हटलं, "त्याग नाही हो, कावीळ." तो जरा हिरमुसला. "आणि कॅच सुटून जिंकायचं? षटकार मुळीच नाही?"

"नाई," श्रावण म्हणाला. राग अजून उतरला नव्हता. "बॅटची कड लागली. वर गेला. मी पळालो, खाली मान घालून पळालो. सुटला का धरला तेबी पाह्यलं नाई. दोन पाहिजे होत्या, दोन झाल्या."

एवढीच होती ती. मी ती अर्धा अर्धा तास सांगत आलो.

गर्दीतून मीराबाई पुढे आल्या. सरोजिनीने त्यांचा हात धरला होता. मला वाटलं त्या श्रावणशी बोलतील, किंवा मला चार शब्द सुनावतील. त्या अण्णाजींसमोर जाऊन थांबल्या.

"अण्णाजी, एक विचारू? हे रोज येत होते म्हणता. मॅट यायनंच अंथरायची, बॉलिंग यायनंच टाकायची. मंग पंधराच्या यादीत यांचं नाव काऊन नोहतं?"

मी अण्णाजींकडे पाहत होतो आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. दोघे लग्नाला गेले, दोघे जायबंदी, एक खाटेवर, हा हिशेब मी किती वेळा सांगितला. मॅट ठोकणारा माणूस सोळावाही नव्हता, हे त्यात कुठे येत नव्हतं.

अण्णाजींनी काठी दोन्ही हातांनी धरली.

"लिहिलं नाई मी," ते म्हणाले. "सुचलं नाई, असं म्हणत आलो इतके वर्ष. पण सुचलं होतं. गावातले काही जण जातीवरून कुरकुरतील म्हणून नाई लिहिलं. आणि हारायची पाळी आली तं त्यालेच बोलावलं." अभिरामकडे वळून म्हणाले, "घ्या हे सिनेमात. माह्यं नाव घालून घ्या."

श्रावणने हातोडी मॅटवर ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मीराबाई त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

मुहूर्त झालाच. अभिरामने श्रावणला बॅट दिली, हिरोला म्हणाला, शिक. श्रावणने डावा स्टान्स घेतला, आधी मॅट पायाने दाबून पाहिली, आणि पहिलाच चेंडू असा वळून मारला की हिरो "अरे बापरे" म्हणाला. चारशे माणसांना आता काय ओरडायचं ते कोणी सांगितलं नाही. त्यांनी आपणहूनच सुरू केलं. मीही ओरडलो, घसा बसला आहे.

शेवटी अभिराम पात्रांची यादी नव्याने करायला बसला. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्यापुढे सरकवली. पहिल्या ओळीवर दत्ता होता, तो मी खोडला.

"काका, तुमचं नाव कसं लिहायचं?" अभिरामने विचारलं.

"श्रावण लिहा, बस झालं," तो म्हणाला.

"बस नाई झालं," मीराबाई म्हणाल्या. "भाऊजी, श्रावण डोमाजी थूल. बापाच्या नावासकट, पूर्ण लिहा."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात, पहिल्या नंबरावर.